मधल्या आवाजाची बाई

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. समोर स्टुलावर एक प्रोफेसर उभे होते, त्यांच्या पँटची लांबी कमी करायची होती, आणि मी गुडघ्यांवर बसून मोजत होते. दुकानाच्या मालकांनी वायर ताणून रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडे रेने होती, ओडेसाची भाची. “आँट ओडेसा गेली, सुमन. आज सकाळी.” तोंडात टाचण्या असताना माणूस काय बोलणार... रेनेला वाटलं, लाइन कट झाली. ती ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली आणि मी एकेक टाचणी काढून उशीला खोचत राहिले. शेवटचीही खोचून झाली. मग तिनंच विचारलं, “तो जांभळा गाऊन तुझ्याकडेच आहे ना?” होता. माझ्या पाठीमागच्या दांडीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, महिनाभर लटकत होता. त्याच्या खांद्याला ओडेसाच्या मोठ्या तिरप्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती. ‘दोन्ही बाजूंनी आत घे. कापू नकोस.’

याला आता दीड महिना झाला. रडायचं ते रडून झालं, आता राग उरलाय, आणि तो घेऊनच मी लिहायला बसले आहे. इथल्या पेपरात तिच्यावर चार ओळी आल्या. एका ओळीत वय चुकलेलं, आणि दुसरीत तिला ‘एकेकाळच्या लोकप्रिय त्रयीतली सहायक गायिका’ म्हटलेलं. सहायक. तो शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं. त्या शब्दाविरुद्ध ही बाई माझ्या डोळ्यांदेखत आठ वर्षं भांडली, आणि ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तो तिला चिकटवून मोकळा झाला. तुमच्यापैकी बहुतेकांनी ओडेसा प्रुइट हे नाव ऐकलेलं नसणार, त्यात तुमची काही चूक नाही. मीही ऐकलं नव्हतं. पण इथे, मिशिगनमध्ये, चाळिशीच्या कुठल्याही माणसाला ‘द डॅमसन्स’ म्हणा, तो स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागेल. डॅमसन म्हणजे आपल्या जांभळासारखं एक आंबटगोड फळ. डेट्रॉइटच्या एकाच शाळेतल्या तीन काळ्या मुली त्या नावानं गात असत. ग्लोरिया मुख्य चाल गायची, बर्निसचा आवाज सगळ्यांत वर, आणि मधला आवाज ओडेसाचा.

माझी आणि तिची गाठ पडली ती काउंटरवर. ऐंशी साल उलटून थोडे दिवस झाले होते. माझा नवरा ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत लॅब टेक्निशियन, आणि मी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या मशीनवर. अमरावतीला माझी आई ब्लाउज शिवायची, तिच्याकडून हात तयार झालेला. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या डॉक्टरीणबाईंना हे फार लागायचं. ‘अगं, एमएस्सी केलेलीस तू, आणि लोकांच्या पँटी शिवतेस?’ असं मला हळूच, बाजूला घेऊन विचारायच्या. मी मोठ्यानं सांगायची की हो, शिवते, तुमच्या मिस्टरांचीही काल शिवली. तर त्या काउंटरवर एक उंच, रुंद खांद्यांची बाई आली आणि तिनं चेन तुटलेला जांभळा गाऊन टेबलावर टाकला. गाऊन म्हणजे आपल्याकडे बायका घरात घालतात तो नव्हे, स्टेजवरचा पायघोळ, चमकीचा. ती अर्थात इंग्रजीत बोलायची, मी माझ्या मराठीत लिहिते. “हा मला पुन्हा बसेल असं काहीतरी कर,” ती म्हणाली. मी आतून बघितलं आणि सांगितलं, “हा कुणाला पुन्हा बसेल असा शिवलेलाच नाही. शिवणीत पाव इंचसुद्धा कापड सोडलं नाही, कसायानं शिवलाय जणू.” ती हसली नाही. म्हणाली, “तीन होते. तिघींना एकाच मापाचे शिवले होते. मी मधली, म्हणून मला श्वास कमी लागतो असं त्यांना वाटलं असावं.”

मी तिला नवा शिवून दिला. तिनं कापड आणलं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं जाड सॅटिन, आणि मी तो आईच्या पद्धतीनं शिवला. आपल्याकडे बाईचा ब्लाउज शिवताना दोन्ही कुशींना आत भरपूर कापड राखतात, शिवणकामात त्याला माया म्हणतात, आणि एकीशेजारी एक अशा तीन-चार टिपा मारतात. बाई जाड झाली की एक टीप उसवायची, बारीक झाली की एक मारायची, ब्लाउज तोच. इथल्या बायकांना हे माहीत नाही. इथे माप बदललं की कपडा फेकतात. ओडेसानं गाऊन उलटा करून त्या चार टिपांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “म्हणजे तुमच्याकडे आधीच गृहीत धरतात की बाई बदलणार, आणि तरी घालणार?” मी म्हटलं, “गृहीत काय धरायचंय, बदलतेच.” फिटिंगच्या वेळी मी टाचण्या लावल्या, तिनं आरशात बघितलं, पोटातून श्वास घेतला आणि एक सूर लावला. दोन टाचण्या उडून कपाटाखाली गेल्या. त्या दिवसापासून मी तिचं माप श्वास सोडल्यावर घेतलं नाही, घेतल्यावर घेतलं.

मला मात्र तिचं गाणं आधी कळलंच नाही, हे कबूल करते. मी अभंग-भावगीतांवर वाढलेली, माझ्या कानाला एकच चाल समजते. तिनं कॅसेट लावली तेव्हा मला ग्लोरिया ऐकू आली, नीट कान दिल्यावर बर्निसही आली, आणि ओडेसा काही सापडेना. मी तसं तोंडावर सांगितलं. दुसरी कुणी असती तर निघून गेली असती. तिनं कॅसेट मागे घेतली, स्टुलावर चढली आणि कॅसेटच्या बरोबरीनं आपला मधला सूर गायली. मग पुन्हा, मग पुन्हा. चौथ्या वेळी ती थांबली तरी मला कॅसेटमधला तिचा आवाज दिसायला लागला... दिसायलाच म्हणते, कारण अस्तर दिसावं तसं झालं ते. वरचं कापड ज्याच्यावर उभं असतं आणि जे कुणी बघत नाही, ते. “आता कळलं मी कुठे आहे?” तिनं विचारलं. त्यानंतर रेडिओवर कुठलंही गाणं लागलं तरी मी मधलीला शोधते. ही खोड तिनं मला कायमची लावून दिली.

बाकीचं आयुष्य तिनं मला असंच स्टुलावर उभं राहून, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. वडील अलाबामातून मोटारीच्या कारखान्यात कामाला आले. सहाव्या वर्षापासून चर्चमध्ये गाणं. चर्चमधल्या भजनाचा जीव आणि नाचायचा ठेका एकत्र केला की जे होतं त्याला सोल म्हणतात, निदान ती तसं सांगायची, आणि ते जरा गोड केलं की पॉप. शाळा सुटल्यावर रेकॉर्ड निघाल्या, त्या घरोघर वाजल्या. मग बसनं दौरे. दक्षिणेत जिथे हजार गोरी मुलं यांच्या गाण्यावर नाचायची, त्याच गावात यांना झोपायला हॉटेलची खोली मिळायची नाही, मग बसमध्येच चादर आडवी धरून कपडे बदलायचे. एका गावात यांना गायला बोलावून मागच्या दारानं आत यायला सांगितलं, तेव्हा ओडेसा पुढच्या दारात कपड्यांच्या पेटीवर बसून राहिली आणि म्हणाली की मधला आवाज पुढूनच येतो, नाहीतर येत नाही. अर्ध्या तासानं पुढचं दार उघडलं. पुढे फॅशन बदलली, ग्लोरिया लग्न करून ओहायोला गेली, बर्निस पोस्टात लागली. ओडेसा थांबली नाही. दोन नव्या मुली घेऊन ती गात राहिली, जत्रेत, बोटीवर, सुपरमार्केटच्या उद्घाटनाला, जिथे पायाखाली जमीन आणि भिंतीला प्लग असेल तिथे.

आणि मग नाव गेलं. त्यांचा एक मॅनेजर होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याला नावांची फार हौस होती म्हणून मुद्दाम नाही. ‘द डॅमसन्स’ हे नाव त्यानं कागदोपत्री स्वतःचं करून घेतलं होतं. एक दिवस ओडेसाला टोलीडोमध्ये एक पोस्टर दिसलं. त्यावर तीन विशीतल्या मुली, जांभळ्या गाऊनमध्ये, आणि वर यांचं नाव. ती तिकीट काढून आत गेली. मुली नुसते ओठ हलवत होत्या, मागे जुनी रेकॉर्ड वाजत होती. “मी मागच्या रांगेत बसून स्वतःलाच ऐकलं, सू,” ती म्हणाली. “आणि पुढे मलाच कोर्टाचा कागद आला, की मी आता स्वतःला डॅमसन म्हणायचं नाही. पोस्टरवर नाही, माइकवर नाही, छापून नाही.” वयाच्या सोळाव्या वर्षी या तिघींनी बर्निसच्या आईच्या स्वयंपाकघरात, मुरंब्याच्या बरणीवरचं लेबल वाचून ते नाव ठेवलं होतं. तिला बाकी काही नको होतं. जे नाव आपण ठेवलं त्या नावाच्या गाण्यात आपण होतो, एवढं म्हणता यावं.

यात भर घालणारी चूक माझी. ती टाळून लिहिलं तर हा लेख खोटा होईल. आमच्या मंडळाच्या दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या गायिकेचा व्हिसा झाला नाही. हॉल बुक झालेला, जेवण सांगितलेलं, कार्यक्रम नाही. मी मीटिंगमध्ये म्हटलं, ओडेसा प्रुइटला बोलावू. लगेच एक बाई म्हणाल्या, “दिवाळीला कशाला ते... म्हणजे आपली मुलं असतात, आणि ती कसल्या एरियातून येणार.” मी म्हटलं, “ती माझ्या घरी जेवते, माझी मीनल तिला मावशी म्हणते. तुम्हाला एरिया चालत नसेल तर मलाही कॅन्सल करा, आणि मग पन्नास मुलांचे नाचाचे ड्रेस तुम्ही शिवा.” ड्रेसचं काम सगळ्यांना पुढे दिसत होतं. ठराव झाला. ओडेसाची अट एकच होती, ते नाव कुठे येता कामा नये. मी मान डोलावली, आणि घरी येऊन स्मरणिकेसाठी पाहुण्यांचा परिचय लिहायला बसले. लिहिताना हाताला राहवेना. वाटलं, मराठीत तर आहे, त्या मॅनेजरचा वकील काय देवनागरी वाचणार आहे? ठासून लिहिलं, ‘द डॅमसन्स’च्या संस्थापक गायिका. कुठेतरी ते खरं छापून यावं एवढीच इच्छा होती.

आमचे अध्यक्ष केळकरकाका म्हणजे निवृत्तीला आलेले हार्ट सर्जन, कामाला चोख माणूस. त्यांनी विचार केला की आपल्या मुलांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा पाहुण्यांचा परिचय इंग्रजीतही हवा. स्वतः बसून भाषांतर केलं, माझ्यापेक्षाही ठासून. मला ते कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये, हातात स्मरणिका पडल्यावर कळलं. मी धावत विंगेत पोहोचेपर्यंत काका माइकवर होते. ओडेसाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, अंगात जांभळा गाऊन, आणि काका आपल्या पद्धतीप्रमाणे, तपशीलवार, तिचा परिचय करून देत होते. ते नाव त्यांनी तीनदा घेतलं. दरवेळी टाळ्या पडल्या. ओडेसानं मान वळवून विंगेत माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून जाळते.

काकांनी माइक दिल्यावर तिनं नारळ शांतपणे पेटीवर ठेवला आणि म्हणाली, “मी ओडेसा प्रुइट. आज मी कुठल्याही ग्रुपची नाही. मी फक्त माझा भाग गाणार आहे.” आणि तिनं त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्यातला मधला आवाज, तेवढाच, एकटीनं गायला सुरुवात केली. समोरच्या रांगेतले डॉक्टर-इंजिनीयर एकमेकांकडे बघायला लागले. चाल लागेना. लागणार कशी, चाल दुसरीकडेच होती. मला तर वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. तेवढ्यात मागून, जिथे आमची इथे जन्मलेली कारटी एरवी कार्यक्रमाला पाठ करून बसतात तिथून, एक आवाज आला. मग आणखी दोन. त्या मुलांनी शाळेच्या बसमध्ये, गाडीतल्या रेडिओवर ते गाणं शंभरदा ऐकलेलं होतं. त्यांनी मुख्य चाल उचलली. आमची मीनल खुर्चीवर उभी राहून वरचा सूर ओरडत होती. ओडेसा मध्ये उभी, हात कमरेवर, मधला आवाज सोडत नव्हती. गाणं पुरं झालं तेव्हा केळकरकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांना गाणं मुळीच माहीत नव्हतं.

पण छापलेलं ते छापलेलं. स्मरणिकेची एकेक प्रत जाहिरातदारांना जाते, आणि आमचा एक जाहिरातदार होता बँक्वेट हॉलवाला, जो त्या तीन नव्या मुलींना बोलवायचा. ते पान मॅनेजरकडे पोहोचलं आणि ओडेसाला वकिलाची नोटीस आली. मी बेसनाचे लाडू घेऊन तिच्या घरी गेले. तिनं डबा घेण्यापुरतं दार किलकिलं केलं आणि पुन्हा लावून जाळीच्या दारामागूनच बोलली. “तुला वाटलं की तुझ्या भाषेत ते लपेल. मी आयुष्यभर लपलेलीच होते, सुमन. आणखी एका भाषेत लपून मला काय करायचंय?” ती मला सू म्हणाली नाही, सुमन म्हणाली, ते मला जास्त लागलं. तीन आठवडे ती दुकानात आली नाही. आली ती गाऊन घेऊन. “एक टीप सोड. तुझे लाडू सगळे मीच खाल्ले, रेनेला एक दिला नाही.” मग काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, “सुनावणी आहे. येशील?”

मी गेले. चांगली इरकल नेसून गेले. तिथे आधी त्यांच्या वकिलानं एक कागद पुढे केला. त्यात होतं की ओडेसा प्रुइट या त्या ग्रुपमध्ये केवळ सहायक गायिका म्हणून होत्या. सही केली की नोटीस मागे, आणि तिला आपल्या नावानं कुठेही गाता येईल, कुणी त्रास देणार नाही. तिचा स्वतःचा वकील म्हणाला, करून टाक. नाही केली तर आणि ऑर्डर मोडल्याचं सिद्ध झालं तर ती गाणी गायचीच बंदी येऊ शकते. ओडेसानं चष्मा लावून कागद पूर्ण वाचला, पेनाचं टोपण लावलं आणि ते पेन वकिलाच्या खिशात परत खोचलं. “एक शब्द चुकलाय,” ती म्हणाली. “तो काढा, मग बोलू.” त्यांनी काढला नाही. मग मला बोलावलं. मी सांगितलं, हे मी लिहिलं, हिनं लिहू नका म्हटलं होतं तरी लिहिलं. त्या वकिलानं विचारलं, मग का लिहिलंत? मी म्हटलं, “कारण ते खरं आहे. आणि ते नको असेल तर तुमच्या मुलींना रेकॉर्ड बंद करून गायला सांगा, म्हणजे कोण कुणाची सहायक ते दोन मिनिटांत कळेल.” माझं इंग्रजी तेव्हा मोडकं होतं, पण हे वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं. निकालात नाव तिला मिळालं नाही. समज मिळाली, आणि गाणी गायची मोकळीक राहिली, कारण एखादीनं आपला भाग गाऊ नये असा कायदा तिथल्या कुणालाच सापडला नाही.

तिनं तेच पकडलं. पुढची सगळी वर्षं तिच्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटचं गाणं तसंच व्हायचं. ती एकटी मध्ये उभी, मधला आवाज गाणार, आणि समोरचे लोक चाल उचलणार. लोक मुद्दाम त्यासाठी यायचे. कुणीतरी मागून ते नाव ओरडायचंच, आणि ती कानाला हात लावून म्हणायची, मला ऐकू आलं नाही. मग दुप्पट ओरडायचे. तिनं एकदाही ते नाव उच्चारलं नाही, आणि मिशिगन-ओहायोमधल्या एकाही जत्रेत ते उच्चारलं गेल्याशिवाय राहिलं नाही. मी सुट्टीच्या दिवशी सुई-दोरा घेऊन तिच्याबरोबर जायची. एकदा पावसात भिजलेल्या तंबूत सतरा माणसं होती. मी म्हटलं, कॅन्सल कर ना यार, कोण आहे इथे. ती म्हणाली, “सतरा जण आहेत. सतरा जण पुरतात चाल उचलायला.” गायली, पुरी वीस मिनिटं, आणि मी चिखलात उभी राहून तिच्या गाऊनचा घोळ धरला.

गेल्या वर्षी ती बारीक व्हायला लागली. आधी मी खूश झाले, एक टीप मारली. दोन महिन्यांत दुसरी. तिसऱ्या वेळी टाचण्या लावताना माझ्या हाताला तिच्या बरगड्या लागल्या आणि मी मान वर केली नाही. पोटाचा आजार, उशिरा कळलेला. तरी उन्हाळ्यात तिनं सहा कार्यक्रम केले, खुर्चीवर बसून. शेवटच्या फिटिंगला तिला स्टुलावर चढवेना, मी स्टूल बाजूला केलं. आत इतकं कापड दुमडलं गेलं होतं की कुशीत उशी घातल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, “ओडेसा, हे टोचत असेल तुला. थोडं कापते, हलकं होईल.” तिनं माझा हात धरला. अशक्त माणसाची पकड नव्हती ती. “खबरदार कात्री लावलीस तर. ते माझं आहे. मी भरून काढीन.” मग ती चिठ्ठी लिहून टाचून गेली, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. तिला माहीत होतं की मी हळवी झाले की चुकीचं काम करते.

अंत्यविधीला मी गाऊन इस्त्री करून घेऊन गेले, तिला तोच घालतील असं धरून. रेनेनं मान हलवली. ओडेसानं बजावून ठेवलं होतं की तो कामाचा आहे, कामाच्या कपड्यात मला निजवू नका. तिला निळा साधा ड्रेस घातला होता. चर्च भरलेलं होतं. केळकरकाका आले होते, काकूही आल्या होत्या, आणि ज्यांना तिच्या एरियाची काळजी होती त्या बाईही मागे उभ्या होत्या, रुमाल घेऊन. मॅनेजरच्या ऑफिसकडून फुलांचं मोठं चक्र आलं होतं, आणि त्यावर रेशमी पट्टीवर सोनेरी अक्षरांत काय असावं? ‘द डॅमसन्सच्या ओडेसास’. जिवंतपणी आठ वर्षं जे एका पोस्टरवर येऊ दिलं नाही, ते मेल्यावर फुकट वाटत होते. माझ्या पर्समध्ये टिपा उसवायचं हत्यार नेहमी असतं. मी सगळ्यांसमोर पुढे गेले, पट्टीचे टाके उसवले, घडी करून पर्समध्ये टाकली आणि फुलं तशीच ठेवली. फुलांचा काही दोष नव्हता. पाद्रीबाबांनी बघितलं आणि छताकडे नजर वळवली.

मग ग्लोरिया आणि बर्निस पुढे आल्या. दोघी आता आज्या, एकीच्या हातात काठी. दोघींच्या मध्ये त्यांनी एका माणसाची जागा सोडली आणि ते गाणं सुरू केलं. चाल होती, वरचा सूर होता, आणि मधे भगदाड. एवढ्या वर्षांत ज्यांना ओडेसा कधी ऐकू आली नव्हती त्यांना ती त्या दिवशी ऐकू आली. दुसऱ्या कडव्याला रेने जागेवरून उठली. तिला आत्यानं लहानपणीच तो भाग शिकवला होता, स्वयंपाक करता करता. ती जाऊन त्या जागेत उभी राहिली नाही, आपल्या जागेवरूनच गायली. मीही गायले, बेसूर, मराठी उच्चारांत. मला दुसरा कुठला भाग येतच नाही.

परवा शनिवारी रेने दुकानात आली. उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या एका बागेत त्या तिघी उभ्या राहणार आहेत, ग्लोरिया, बर्निस आणि ही. पोस्टरवर तीन बायकांची तीन नावं, बस. वकिलाला काय वाचायचं ते वाचू दे. “तो गाऊन मला होईल का?” तिनं लाजत विचारलं, कारण रेने आत्यापेक्षाही आडव्या अंगाची आहे. मी तो दांडीवरून काढला, चिठ्ठी सोडवून ड्रॉवरमध्ये ठेवली, गाऊन उलटा केला आणि टिपा उसवायला बसले. आजारपणातल्या तीन, त्याआधीच्या, सगळ्या. शेवटची माझ्या आईच्या पद्धतीची, पहिल्या दिवशी मारलेली. आतलं कापड बाहेर आलं तर ते नव्यासारखं गडद, बाकीचा गाऊन आठ वर्षांच्या दिव्यांनी फिका पडलेला. घातल्यावर रेनेच्या दोन्ही कुशींना काखेपासून कमरेपर्यंत दोन गडद पट्टे दिसायला लागले. मी म्हटलं, “वरून लेस लावते, झाकलं जाईल.” तिनं आरशात बघितलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. “काही झाकू नकोस,” ती म्हणाली. मी टाचण्या लावल्या. तिनं पोटातून श्वास घेतला आणि मधला सूर लावला, पूर्ण लांबीचा. मी खाली, कपाटाकडे बघत होते. एकही टाचणी उडाली नाही.